पावसाने मोडलेला सामना आणि धावांचा हिशेब

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोनाळ्यात वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून क्रिकेटवर बोलावयाचे, आणि तेही त्यातील आकडेमोडीवर, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटले. मजुरी, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणाऱ्या माणसाने चेंडूफळीच्या वाटेला का जावे? उत्तर सरळ आहे. दोन पक्षांत करार झाला, काम निम्म्यावर आले आणि दोघांचाही दोष नसताना ते थांबले, तर उरलेले देणेघेणे कसे ठरवावे, हा प्रश्न आम्ही आयुष्यभर सोडवीत आलो आहोत. पावसाने अडलेल्या सामन्यात नेमका हाच प्रश्न उभा राहतो. तेथे तो गणिताने कसा सोडविला गेला, हे समजावून घेणे मोठे उद्बोधक आहे.

प्रथम अडचण कोठे येते ते पाहू. मर्यादित षटकांच्या सामन्यात पहिला संघ ५० षटके खेळून, समजा, २५० धावा करतो. दुसऱ्याला जिंकण्यासाठी ५० षटकांत २५१ धावा करावयाच्या असतात. मध्येच पाऊस येतो, दोन तास जातात आणि दिवस काही वाढवून मिळत नाही. म्हणून दुसऱ्या संघाची षटके कापावी लागतात. षटके कापली की धावाही कापल्या पाहिजेत, हे उघड आहे. किती कापावयाच्या, एवढाच वाद.

पाऊस खेळापूर्वीच येऊन गेला तर वाद उरत नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या विदर्भातच, नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर, भारत व ऑस्ट्रेलिया यांचा वीस षटकांचा सामना ओल्या मैदानामुळे उशिरा सुरू झाला. दोन्ही संघांना आठ-आठ षटके देण्यात आली. ऑस्ट्रेलियाने ५ बाद ९० धावा केल्या आणि भारताने ७.२ षटकांत ४ गडी गमावून ९२ धावा काढून सामना जिंकला. दोघांनाही आरंभीच ठाऊक होते की काम आठ षटकांचे आहे. अन्याय कोणावरच झाला नाही. खरी पंचाईत होते ती काम चालू असताना अट बदलली म्हणजे.

सर्वांना सुचणारा पहिला तोडगा सरासरीचा. ५० षटकांत २५०, म्हणजे षटकाला ५. चाळीस षटके मिळाली तर २००, तीस मिळाली तर १५०. हिशेब सोपा आणि तोंडपाठ होण्याजोगा. पुष्कळ वर्षे तोच चालला. परंतु त्यात एक मोठी खोट आहे. पन्नास षटके खेळणारा संघ प्रारंभी सांभाळून खेळतो, कारण दहा गडी पन्नास षटके पुरवावयाचे असतात. तेच दहा गडी पंचवीस षटकांत वापरावयाचे असले, तर प्रत्येकाने दांडपट्टा फिरविला तरी चालते. म्हणून पंचवीस षटकांत १२६ करणे हे पन्नास षटकांत २५१ करण्यापेक्षा पुष्कळ सोपे. सरासरीचा नियम बहुधा दुसऱ्या संघाच्या पदरात जास्त माप घालीत असे.

ही खोट काढण्यासाठी १९९२ सालच्या विश्वचषक स्पर्धेत नवा नियम आणला गेला. दुसऱ्या संघाची जितकी षटके कापली जातील, तितकी पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटके वगळावयाची आणि उरलेल्या षटकांतील धावांवर लक्ष्य ठरवावयाचे. कागदावर हे बरे दिसले. प्रत्यक्षात पारडे पार दुसऱ्या बाजूला कलले.

त्याचा पहिला चटका आपल्यालाच बसला. १ मार्च १९९२ रोजी ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलियाने ५० षटकांत ९ बाद २३७ धावा केल्या. भारताचा डाव चालू असताना पाऊस आला आणि तीन षटके गेली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वांत निकृष्ट तीन षटकांत मिळून अवघ्या दोन धावा होत्या. म्हणून तीन षटके गेली तरी लक्ष्य २३८ वरून २३६ वर, म्हणजे दोनच धावांनी उतरले. अझरुद्दीनने ९३ धावा केल्या, आपल्या मुंबईच्या संजय मांजरेकरने ४२ चेंडूंत ४७ काढल्या, आणि भारताचा डाव २३४ धावांत आटोपला. पराभव एका धावेने झाला. सरासरीच्या जुन्या हिशेबाने ४७ षटकांत २२३ धावा पुरल्या असत्या. गोलंदाजाने उत्तम षटक टाकावे आणि त्याची शिक्षा पुढे त्याच्याच संघाला फलंदाजी करताना व्हावी, असा हा उफराटा न्याय होता.

तीन आठवड्यांनी, २२ मार्च रोजी, सिडनीच्या उपांत्य सामन्यात या नियमाचे हसे झाले. इंग्लंडने ४५ षटकांत ६ बाद २५२ केल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला. बारा मिनिटांत तो गेलाही, परंतु तेवढ्यात दोन षटके कापली गेली. खेळाडू मैदानात परतले तेव्हा चेंडू उरला होता एक आणि धावा हव्या होत्या २१. फलंदाजाने एक धाव काढली आणि सारे तंबूत परतले. बारा चेंडू हिरावले गेले आणि ओझे एका धावेने हलके झाले!

या प्रसंगानंतर फ्रँक डकवर्थ या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने हा प्रश्न हाती घेतला. पुढे टोनी लुईस हे गणिताचे प्राध्यापक त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून जी पद्धत बसविली ती प्रथम १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे झिंबाब्वे व इंग्लंड यांच्या सामन्यात वापरली गेली, आणि १९९९ च्या विश्वचषकापर्यंत ती आंतरराष्ट्रीय क्रिकेटने स्वीकारली होती.

तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते. डाव खेळणाऱ्या संघाजवळ दोन साधने असतात : उरलेली षटके आणि उरलेले गडी. दोन्हींचा विचार एकत्र केला पाहिजे. आम्हांस हे लगेच पटले, कारण आमच्या ओळखीचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. कापसाच्या हंगामात गाड्या रिकाम्या करणाऱ्या टोळीला आठ तासांत अमुक गाड्या असे ठरवून दिलेले असते. दोन तास वीज गेली तर मुकादम म्हणतो, पाव वेळ गेला, पाव गाड्या कमी भरा. तो टोळीत किती माणसे उरली आहेत ते विचारीत नाही. दहा जण ताजेतवाने उभे असतील तर उरलेल्या दोन तासांची किंमत मोठी. आठ जण थकून घरी गेले असतील आणि दोघेच उरले असतील, तर त्यांना चार तास दिले काय आणि सहा दिले काय, पाठ मोडेपर्यंतच काम होणार. तास आणि हात असे दोन्ही मोजल्याखेरीज कामाची मोजणी होत नाही.

डकवर्थ व लुईस यांनी पुष्कळ सामन्यांची धावसंख्या तपासून ही मोजणी कोष्टकात बसविली. पन्नास षटके आणि दहाही गडी शिल्लक म्हणजे साधने पूर्ण, शंभर टक्के. तेथून खाली उतरत जावयाचे. २००२ सालच्या कोष्टकातील काही आकडे असे :

५० षटके शिल्लक : एकही गडी बाद नसता १००, २ बाद असता ८५.१; ४ बाद असता ६२.७, ६ बाद असता ३४.९, ८ बाद असता ११.९.
४० षटके शिल्लक : ८९.३; ७७.८, ५९.५, ३४.६, ११.९.
३० षटके शिल्लक : ७५.१, ६७.३, ५४.१, ३३.६, ११.९.
२० षटके शिल्लक : ५६.६, ५२.४, ४४.६, ३०.८, ११.९.
१० षटके शिल्लक : ३२.१, ३०.८, २८.३, २२.८, ११.४.
५ षटके शिल्लक : १७.२, १६.८, १६.१, १४.३, ९.४.

शेवटचा रकाना पाहा. आठ गडी बाद झाल्यावर वीस षटके उरली असोत की पन्नास, शिल्लक ११.९ च. टोळीत दोघेच उरले, तर घड्याळात कितीही तास असोत, त्यांचा उपयोग नाही. आणि पहिला रकाना पाहिला तर पन्नासांपैकी दहा षटके गेली तरी साधने फक्त १०.७ नेच उतरतात.

आता हिशेब करून पाहू. पहिल्या संघाने पूर्ण डावात २५० केल्या. दुसऱ्या संघाची ३० षटके झाली आणि पाऊस आला तो थांबलाच नाही. जिंकले कोण? सरासरी म्हणते, १५० च्या पुढे असेल तर दुसरा. कोष्टक आधी विचारते, गडी किती गेले? दोनच गेले असतील तर ५२.४ टक्के साधने वापराविना राहिली, वापरली ४७.६. तेव्हा २५० चे ४७.६ टक्के, म्हणजे ११९, ही बरोबरीची धावसंख्या. १२० असतील तर विजय. चार गडी गेले असतील तर ५५.४ टक्के साधने वापरली गेली; विजयाला १३९ हव्यात. सहा गेले असतील तर ६९.२ टक्के वापरली; १७४ हव्यात. षटके तीच तीस, परंतु गाठावयाची संख्या १२०, १३९ आणि १७४ अशी वेगवेगळी. ज्याने आपले भांडवल राखून ठेवले आहे त्याला कमी धावा पुरतात. ज्याने ते उडवून धावा केल्या आहेत, त्याला त्या उधळपट्टीचा जाब द्यावा लागतो.

पाऊस केव्हा आला यालाही किंमत आहे, आणि हे आमच्या शेतकरी बांधवांना निराळे सांगावयास नको. सोयाबीन पेरल्यावर पाऊस दहा दिवस दडी मारतो ते वेगळे आणि शेंगा भरताना दडी मारतो ते वेगळे. दिवस दहाच, नुकसान सारखे नव्हे. तसेच दहा षटकांचे. दुसऱ्या संघाचा डाव सुरू होण्यापूर्वीच दहा षटके कापली, तर त्याच्याजवळ ८९.३ टक्के साधने उरतात आणि २५० च्या उत्तरादाखल त्याला २२४ कराव्या लागतात. तीच दहा षटके तिसाव्या षटकानंतर, दोन गडी बाद असताना कापली, तर शिल्लक ५२.४ वरून ३०.८ वर येते. एकदम २१.६ टक्के गेले. लक्ष्य १९७ होते. भरल्या शेंगांवर घाला पडला, म्हणून भरपाईही मोठी.

पुष्कळांना चमत्कारिक वाटते ते असे की, काही वेळा दुसऱ्या संघाचे लक्ष्य पहिल्याच्या धावांपेक्षा पुष्कळ वर चढते. समजा, पहिला संघ पन्नास षटकांच्या बेताने खेळत होता. चाळीस षटकांत २ बाद २०० झाल्या आणि पावसाने त्याचा डाव तेथेच संपविला. दुसऱ्यालाही चाळीसच षटके मिळाली. तरी दोघे समान नाहीत. पहिल्याने शेवटच्या दहा षटकांसाठी आठ गडी राखून ठेवले होते आणि ते त्याला वापरताच आले नाहीत. दुसऱ्याला आरंभापासून ठाऊक आहे की चाळीसच षटके आहेत. पहिल्याने ६९.२ टक्के साधने वापरली, दुसऱ्याजवळ ८९.३ टक्के आहेत. त्या कोष्टकाबरोबरच्या नियमाने या फरकाबद्दल सुमारे ४९ धावांची भर पडते आणि लक्ष्य २५० होते.

आपल्या महाराष्ट्रातील दोन ताजे सामने पाहू. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकात भारताने न्यूझीलंडविरुद्ध ४९ षटकांत ३ बाद ३४० धावा केल्या. सांगलीच्या स्मृती मानधनाने १०९ आणि प्रतीका रावलने १२२ काढल्या. पावसामुळे न्यूझीलंडला ४४ षटके मिळाली आणि लक्ष्य ठरले ३२५. सरासरीने ते ३०६ झाले असते. एकोणीस धावांचा हा फरक म्हणजे थोडक्या षटकांत दहाही गडी हाताशी असण्याची किंमत. न्यूझीलंडने ८ बाद २७१ केल्या आणि भारत ५३ धावांनी जिंकला.

दुसरा सामना ६ मे २०२५ चा, मुंबईच्या वानखेडे मैदानावरचा. मुंबईने वीस षटकांत ८ बाद १५५ केल्या. गुजरातच्या संघाने १४ षटकांत २ बाद १०७ केल्या असताना पाऊस आला. त्या क्षणी तो बरोबरीच्या संख्येच्या पुढे होता. खेळ पुन्हा सुरू झाला, चार षटकांत २५ धावांची भर पडली, परंतु चार गडी गेले. १८ षटकांत ६ बाद १३२ असताना पुन्हा पाऊस आला आणि आता तोच संघ मागे पडलेला होता. पाऊस तेथून हटला नसता तर मुंबई जिंकली असती. शेवटी एक षटक कापून खेळ सुरू झाला. आधी १२ चेंडूंत २४ हव्या होत्या; आता ६ चेंडूंत १५. गुजरातने अखेरच्या चेंडूवर १४७ चे लक्ष्य गाठले. सिडनीला बारा चेंडू गेले आणि एक धाव कमी झाली. येथे सहा चेंडू गेले आणि नऊ धावा कमी झाल्या. सिडनीच्या त्या सामन्याला डकवर्थ-लुईस पद्धत लावली असती, तर अखेरच्या चेंडूवर विजयाला ५ धावा लागल्या असत्या. एवढ्याने सामना जिवंत राहिला असता.

ही पद्धतही निर्दोष नव्हे. ३ मे २०१० रोजी गयानात वीस षटकांच्या सामन्यात इंग्लंडने १९१ धावा केल्या, आणि पावसामुळे वेस्ट इंडिजला सहा षटकांत ६० चे सोपे लक्ष्य मिळून ते जिंकले. इंग्लंडच्या कर्णधाराने उघड नाराजी व्यक्त केली. तिकडे केरळातील त्रिशूरचे अभियंते व्ही. जयदेवन यांनी आपली स्वतंत्र पद्धत मांडली, आणि भारतातील देशांतर्गत सामन्यांत ती काही काळ वापरलीही गेली. २०१२ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र डकवर्थ-लुईसचीच निवड कायम ठेवली. पुढे ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक स्टीव्हन स्टर्न यांनी मोठ्या धावसंख्यांना जुळेल अशी दुरुस्ती तिच्यात केली, आणि २०१४ पासून तिचे नाव डकवर्थ-लुईस-स्टर्न असे झाले. लुईस २०२० मध्ये व डकवर्थ २०२४ मध्ये निवर्तले.

आमचा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. वर दिलेले कोष्टक कोणीही पेन्सिल घेऊन तपासू शकतो. मोठ्या सामन्यांत आता संगणकावरील आज्ञावली वापरतात. तिचा निकाल अधिक अचूक असतो, पण आतला सगळा हिशेब प्रेक्षकापुढे उघड केलेला नसतो. मजुरीचा दरपत्रक कारखान्याच्या फाटकावर लावलेला असावा, ही आमची जुनी मागणी. दर चांगला आहे, विश्वास ठेवा, असे म्हणून काम भागत नाही. ज्याच्यावर नियम लागू होतो त्याला तो वाचता आला पाहिजे.

आणि वाचताना नीट वाचलाही पाहिजे. ३ मार्च २००३ रोजी डर्बनला श्रीलंकेच्या ९ बाद २६८ धावांना उत्तर देताना दक्षिण आफ्रिकेच्या हाती कोष्टकाची चिठ्ठी होती. पाऊस येणार हे दिसतच होते. ४५ व्या षटकाच्या अखेरीस २२९ हवेत, असे तंबूतून कळविले गेले. बाऊचरने षटकार मारून २२९ गाठल्या आणि विजय झाला असे समजून अखेरचा चेंडू नुसता अडविला. २२९ ही बरोबरीची संख्या होती. विजयाला २३० हव्या होत्या. पाऊस आला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्वतःच्याच देशातील विश्वचषकातून बाहेर पडला. कराराचा कागद हाती असूनही एक ओळ चुकीची वाचली, त्याची ही किंमत. असे कागद आमच्याही चळवळीत वाचले गेले आहेत.

शेवटी आपल्या गावच्या मैदानाकडे वळू. उन्हाळ्यात आपल्याकडे दहा-दहा षटकांच्या स्पर्धा होतात आणि अवकाळी पाऊस नेमका अंतिम सामन्याला येतो. मग नाणे उडवावे की पुन्हा खेळावे, यावरून कर्णधारांची बोलाचाली होते. त्यांच्यासाठी हेच कोष्टक वापरता येईल. दहा षटके व दहा गडी म्हणजे ३२.१; हीच आपली पूर्ण साधने धरावीत. पहिल्या संघाने १०० केल्या आणि दुसऱ्याचा डाव पाच षटकांनंतर पावसाने थांबला असे समजू. पाच षटकांची शिल्लक ३२.१ मधून वजा करावी, ३२.१ ने भागावे आणि १०० ने गुणावे. एकही गडी गेला नसेल तर विजयाला ४७ हव्यात. चार गेले असतील तर ५०. सहा गेले असतील तर ५६. आठ गेले असतील तर ७१. आणि दुसऱ्या संघाला आरंभापासून पाचच षटके द्यावयाची ठरली, तर लक्ष्य ५१ ऐवजी ५४ ठेवावे. कोष्टक पन्नास षटकांच्या सामन्यांवरून केलेले असल्याने हा हिशेब ढोबळ आहे, तरी नुसत्या सरासरीपेक्षा तो न्यायाला जवळ आहे. त्याबरोबर किमान षटकांची अटही ठरवावी. आंतरराष्ट्रीय सामन्यात दुसऱ्या संघाला पन्नास षटकांच्या खेळात किमान वीस आणि वीस षटकांच्या खेळात किमान पाच षटके खेळावयास मिळाल्याखेरीज निकाल लावीत नाहीत.

मात्र एक पथ्य पाळावे. हा तक्ता नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवावा, त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि गुणलेखकाच्या टेबलाजवळ तो सर्वांना दिसेल असा लावावा. पावसाचे पहिले थेंब पडल्यावर नियम शोधावयास निघालेला माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी हरणाऱ्याला तो पक्षपातीच वाटणार. येत्या उन्हाळ्याच्या स्पर्धेसाठी कोणाला तक्ता लिहून हवा असल्यास त्याने कागद घेऊन यावे. आम्ही शेजारी बसून तो करून देऊ.